शेंदराच्या फळ्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास निंबघाटात भारतच्या गोठ्यातले दोन्ही बैल मेले.

आधी हौशा गेला. मागचे पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला आणि शिंगांना लावलेल्या बेगडासकट तो गव्हाणीवर कोसळला. पाखऱ्या त्यानंतर थोडा वेळ उभा होता. थंडीत नदीतून वर काढल्यावर थरथरतो तसा अंगभर थरथरत होता. भारतनं त्याच्या गळ्याला मिठी मारली होती. त्या मिठीतूनच तो हळूहळू खाली सरकला.

राहीबाई, भारतची आई, गोठ्याच्या दारात उभी होती. साठी ओलांडलेली, नवऱ्यामागं शेत आणि घर दोन्ही ओढलेली बाई. तिला आधी वाटलं पान लागलं, साप चावला. तिनं कडब्याच्या पेंढ्या उलथ्यापालथ्या केल्या, भिंतीतलं बीळ काठीनं ढोसलं. तेवढ्यात वरच्या आळीतून भगवंतरावांचा सालदार धावत आला. त्यांचाही एक बैल पडला होता, दुसरा पडायच्या बेतात होता. राहीबाईच्या हातातली काठी तिथंच थांबली. साप एका रात्रीत दोन गोठे फिरत नसतो. उन्हं अंगणात उतरेपर्यंत आणखी दोन घरांतून रडण्याचा आवाज यायला लागला.

"कोणाची तरी नजर लागली," भगवंतरावांची बायको रेणुकाबाई म्हणाली.

"नजर चार गोठ्याइले एकदम कशी लागन?" भारत म्हणाला. त्याच्या सदऱ्यावर पाखऱ्याचा फेस वाळत होता. तो त्यानं पुसला नव्हता.

निंबघाट पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर आहे. अलीकडे आदिलाबाद जिल्हा, पलीकडे महाराष्ट्र, आणि मधे एवढीच नदी, की या काठाला भांडण झालं तर त्या काठाला ऐकू जातं. राहीबाईची लेक रुपा पलीकडे करंजघाटला दिलेली. आपल्या काठावर उभं राहिलं की रुपाच्या घराचं टिनाचं छप्पर दिसतं. पण पूर असला की पलीकडे नेणारा डोंगा बंद, आणि मग त्याच छपराखाली पोचायला हमरस्त्याच्या पुलावरून अर्धा जिल्हा वळसा घालावा लागतो. त्या दिवशी पूर होता.

या काठावर वैशाखापर्यंत कापसाचं जिन होतं. निजामाच्या अमलात अमरावतीकडच्या एका शेठनं ते बांधलं. वऱ्हाडातला कापूस नावेतून यायचा, घाटावर करोडगिरीचा नाका होता, तिथं जकात भरली की गाडी वर चढायची. सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला, आणि रुईच्या गाठी दाबून पुन्हा रस्त्यानं आदिलाबादला. निजाम गेला, नाका गेला, दोन्ही काठ एका देशात आले, तरी जिनाचा भोंगा वाजतच राहिला. निंबघाटात अजूनही म्हातारी माणसं "पहिल्या भोंग्याच्या येळेले" असं म्हणतात. राहीबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, लागली. फुटलेल्या बोंडांचा कापूस रेच्याच्या तोंडी द्यायचा, दिवसभर. संध्याकाळी घरी आलं की भुवयांवर, पापण्यांवर पांढरं. सासू म्हणायची, म्हातारी होऊन आली माही सून.

नंतर रेचे बंद पडले. नदीकडचं शेवटचं गोदाम रेचे चालू असतानाच एका बियाण्याच्या कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं, काही वर्षांनी त्यालाही कुलूप लागलं. वारसांत भांडणं, कोर्ट, पुराचं पाणी, पिंपळाची मुळं. शेवटी जागा कोणा बाहेरच्या माणसानं घेतली आणि वैशाखात जेसीबी आणला. धुराड्याला वायरदोर बांधून ओढलं तेव्हा सगळं गाव घाटावर उभं होतं. धुराडं मधेच मोडलं, वरचा भाग क्षणभर एकटाच हवेत उभा राहिल्यासारखा वाटला, आणि मग नदीकडे पडला. लोखंड मालकानं नेलं, विटा विकल्या. लाकूडही जाणार होतं, पण गावानं ट्रॅक्टर अडवले. आमच्या आजोबा-पणजोबांनी तिथं हाडं झिजवली, निदान लाकूड तरी गावाचं. मालकाला घाई होती. त्यानं गोदामांच्या जमिनीवरच्या सागाच्या फळ्या सोडून दिल्या.

त्या फळ्या देवळापुढं रचल्या तेव्हा दिसलं, की बऱ्याचशा लाल आहेत. वरून पुसट, पण फटींत, गाठींत, खिळ्यांच्या भोकांत दाट लाल. लोक थबकले. आणि लोकांनी राहीबाईकडे पाहिलं, कारण जिनात काम केलेल्यांपैकी हिंडतीफिरती तीच एक समोर होती.

राहीबाईनं फळीवर बोट घासलं, बोट डोळ्यांजवळ नेलं. "शेंदूर हाय," ती म्हणाली. "दसऱ्याले रेच्याइले लावायचो आमी. तेलात कालवून. रेच्याले, दाबाले, उंबऱ्याले. खाली सांडायचा, लाकूड पेऊन घ्यायचं."

ती खोटं बोलली नव्हती. दसऱ्याला रेच्यांना शेंदूर लागायचाच. आणि तिच्या सांगण्यात एवढी खातरी होती, की रेणुकाबाईनं तिथल्या तिथं फळीला हात लावून कपाळाला लावला.

शेजारचा देवाजी मात्र म्हणाला, "बरं झालं. माह्या संडासाले दरवाजा नाही."

"देवाजी भाऊजी, लाज वाटू द्या थोडी," राहीबाई म्हणाली. "शेंदराच्या फळीले पाय लागू नये, अन् तुमी तिच्याआड बसता?"

"देवाचं लक्ष राह्यते वहिनी तिथंबी."

लोक हसले. पण मग राहीबाईनंच नेम घालून दिला, आणि गावानं तो मान्य केला: शेंदराच्या फळ्या दाराला नको, खाटेला नको, पायरीला तर नकोच. त्या अन्नाला लागाव्यात. म्हणजे बैलांना. पोळ्याला बैलांच्या नव्या गव्हाणी करायच्या, पहिला घास त्याच गव्हाणीत. ज्यांच्याकडे बैल होते आणि ज्यांचा राहीबाईवर विश्वास होता अशा चार घरांनी लाल फळ्या नेल्या. बाकीच्यांनी बिनलाल. देवाजीनं एक लाल फळी रात्रीतून उचलली, संडासाला दरवाजा केला आणि वर चुन्याचा हात मारला, म्हणजे राहीबाईला दिसू नये.

गव्हाणी धोंडीबा सुतारानं केल्या. उरलेल्या एका तुकड्याचा राहीबाईनं पोळपाट करून घेतला. रुपासाठी. रुपाचा पोळपाट भेगाळला होता, पुरणपोळी लाटताना कणीक भेगेत जायची. धोंडीबानं रंधा उचलला तशी राहीबाई म्हणाली होती, "लय रंधा नको मारू रे बाबा. शेंदूर निघून जाईन. अन्नपूर्णेचा हाय तो." श्रावणाच्या शेवटाला डोंगा अजून चालू होता. जावई वैभव बाजारहाट करून त्याच डोंग्यानं परत चालला होता. राहीबाईनं पोळपाट फडक्यात बांधून त्याच्या हाती दिला. "पोळ्याच्या पोळ्या याच्यावरच कर म्हणा."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं हौशा-पाखऱ्याचे खांदे हळद-तुपानं मळले आणि दरवर्षीसारखं त्यांच्या कानाशी म्हणाली, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी तोरण तुटलं, बैल दारोदार फिरून आले, आणि दिवेलागणीला तिनं नव्या गव्हाणीत गूळ-पाण्यात भिजवलेली सरकीची ढेप टोपलं भरून ओतली. बैलांनी तळ चाटून काढला होता.

गुरांच्या डॉक्टर मॅडम नऊच्या आत आल्या. त्यांचं मराठी तोडकं होतं, घरची तेलुगू, आणि गावाशी त्या हिंदीत बोलायच्या. भगवंतरावांचा पडायच्या बेतातला बैल अजून धुगधुगत होता. त्याला त्यांनी एकामागून एक सुया दिल्या, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला. मग चारही गोठे फिरल्या. प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, क्या खिलाया. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं आलं. कोणी मक्याचा भरडा दिला होता, कोणी ढेप, भगवंतरावांनी तर ज्वारीच्या कण्या शिजवून घातल्या होत्या. ढेपसुद्धा वेगवेगळ्या दुकानांतली.

भारतच्या गोठ्यात त्या गव्हाणीपाशी बसल्या. मेलेल्या हौशाचं डोकं बाजूला करायला दोन माणसं लागली. तळाच्या कोपऱ्यात गुळाचं थोडं पाणी राहिलं होतं. ते लालसर होतं.

"ये लाल क्या है, अम्मा?"

"शेंदूर, मॅडम. पूजेचा. जिनातल्या फळ्या हायेत."

मॅडमनी हातमोजा चढवला. कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, डबीत घातला, झाकण घट्ट लावलं. "सिंदूर पानी में ऐसा नहीं घुलता," त्या म्हणाल्या, जरा स्वतःशीच. "चारों घर में यही लकड़ी है?"

"हो," भारत म्हणाला. आणि मग तो आईकडे पाहायला लागला.

गोठ्यापुढं आता निम्मं गाव होतं. गर्दीतून एक म्हातारी वाट काढत पुढं आली. सोजरबाई. ती गेली दोन वर्षं मुधोळला लेकीकडे असायची आणि पोळ्यापुरती गावात आली होती. फळ्या वाटल्या तेव्हा ती नव्हती. राहीबाईचं आणि तिचं जिनाच्या दिवसांपासून बोलणं बेतास बात. सोजरबाई शेवटच्या गोदामात होती, बियाण्याच्या कंपनीकडे. तिथं मजुरी जास्त मिळायची. रेच्यावरच्या बायकांना तेवढी मिळत नव्हती, म्हणून रेच्यावरच्या बायका त्यांना चिडवायच्या.

सोजरबाईनं गव्हाणीत डोकावून पाहिलं. हात लावला नाही.

"राहे, हा शेंदूर नाही वो. औषध हाय. बियाण्याले लावायचो आमी. पावडर यायची पिंपात, लालभडक. सरकी उन्हात पसरायची, पाणी शिंपडायचं अन् पावडर कालवायची हातानं. कोणी बी खाऊ नये म्हणून रंग टाकलेला असते, असं सायब सांगे."

राहीबाई गव्हाणीपासून एक पाऊल मागं सरकली.

"तुमी नाही का म्हणत, आमी फाटकातून निघालो का," सोजरबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती आठवण होती. "लालहात्या चालल्या, लालहात्या चालल्या. तूच तं नाव ठेवलं होतं."

ते खरं होतं. नाव राहीबाईनंच ठेवलं होतं. फाटकापाशी उभं राहून, पांढऱ्या पापण्यांनी हसत. त्या बायका नदीवर हात घासायच्या आणि लाल पाणी काठाकाठानं वाहत जायचं. सोजरबाईच्या हातांची कातडी पुढं कित्येक वर्षं सोलत होती. हे सगळं राहीबाईला ठाऊक होतं. तीस वर्षं ठाऊक होतं. वैशाखात देवळापुढं फळीवर बोट घासलं तेव्हा मात्र तिला दसरा आठवला, फाटक आठवलं नाही. तिला आता आपलं तेच बोट दिसत होतं, डोळ्यांजवळ नेलेलं.

रेणुकाबाईनं पदरानं कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं.

डॉक्टर मॅडम उठल्या. "इस लकड़ी का और क्या बनाया? घर में, खाने-पीने का कुछ?"

धोंडीबा सुतार मागं उभा होता. त्याचे डोळे आठवडाभर लाल होते. लाकडाच्या भुशानं झाले असतील म्हणून तो रोज गुलाबपाणी घालत होता. तो हळूच म्हणाला, "काकू. पोळपाट."

राहीबाई तेव्हा खाली बसली. भारतनं खिशातून फोन काढला होता. रुपाचा फोन बंद. वैभवचा बंद. पुन्हा रुपाचा.

"तुनं रंधा मारला होता ना?" राहीबाई धोंडीबाला म्हणाली. "थोडा तरी?"

"तुमीच नको म्हणल्या काकू."

"अन् तुनं ऐकलं?"

धोंडीबानं मान खाली घातली. "एक हात मारला होता. वरचेवर. नीट आठवत नाही."

मॅडमनी तिथूनच फोन लावले. नदीपलीकडचं राज्य वेगळं, रुग्णवाहिकेचा नंबर तोच पण उचलणारं ठिकाण दुसरं. त्या गावाचं नाव तीनदा सांगत होत्या. करंजघाट. नहीं, घाट. तालुका पांढरकवडा. किती माणसं, असं पलीकडून विचारलं असावं. मॅडमनी भारतकडे पाहिलं.

"बहीण, भाऊजी, म्हातारी सासू," भारत म्हणाला. "अन् भाची हाय. हर्षाली. पाच वर्षांची."

देवाजीनं आपली मोटारसायकल आणून दारात लावली. त्याचे बैल सकाळपासून खुंट्यावर निवांत रवंथ करत होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं चावी भारतच्या हातात दिली. "टाकी भरून हाय. पुलावरून जाय. अन् हळू चालव लेका, तू बी नको पडू आणखी." मग तो राहीबाईपाशी थांबला. काही तरी बोलावं असं त्याच्या तोंडावर होतं. पण तो नुसता म्हणाला, "पाणी प्या वहिनी." आणि जाऊन संडासाचा दरवाजा बिजागरीतून उपटायला लागला.

भारत गेल्यावर मॅडमनी लाल फळ्या एका जागी आणायला लावल्या. जाळायच्या नाहीत, धूर विषारी. नदीत टाकायच्या नाहीत. पुरायच्या नाहीत. मग करायचं काय, असं भगवंतरावांनी विचारलं. वरून येईल तसं सांगेन, असं त्या म्हणाल्या. फळ्या तिथंच राहिल्या आणि पोरांना त्यांच्यापासून लांब ठेवायला एक माणूस काठी घेऊन बसला.

राहीबाई घाटाकडे निघाली. सोबत कोणी येऊ नये म्हणून तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पण सोजरबाई मागं मागं आली.

जिनाच्या जागी आता भुईसपाट मुरूम होता. फक्त शेवटच्या गोदामाचं जोतं उरलं होतं, नदीकडचं. त्याचे दगड मोठे म्हणून जेसीबीवाल्यानं सोडलेले. फटींतून गवत आलं होतं, पण मधल्या भागात गवत नव्हतं. राहीबाई तिथं चढली. समोर पुराचं तांबूस पाणी, त्यापलीकडे करंजघाट, रुपाचं टिनाचं छप्पर. छपरावर धूर नव्हता. दुपारच्या वेळेला चूल नसतेच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पलीकडच्या काठावर लहान मुलांचा घोळका होता. तान्हा पोळा. मुलं लाकडाचे बैल दोरीनं ओढत देवळाकडे चालली होती. कोणाच्या तरी अंगात पिवळा फ्रॉक होता. हर्षालीकडे पिवळा फ्रॉक होता का, हे राहीबाईला आठवेना.

"पिवळी पोरगी दिसते का वो तुले?" तिनं विचारलं.

"मले तं पोरं बी धड नाही दिसत," सोजरबाई म्हणाली. ती जोत्याच्या कडेला टेकली होती. "आमी वर्षानुवर्षं कालवलं राहे हातानं. त्याच हातानं भाकरी खाल्ल्या. मी हाय ना अजून."

"तुह्या गोदामातली चंद्रभागा गेली. अनसूया गेली."

"त्या कायनं गेल्या, कोणी पाह्यलं?"

राहीबाईनं हाक मारून पाहिली. रुपे. पुराचा आवाज मोठा होता. घोळक्यातल्या कोणी वळून पाहिलं नाही, आणि मुलं देवळामागं गेली.

भारतचा फोन दुपार कलल्यावर आला. फोन राहीबाईच्या हातातच होता. तरी तो उचलायला तिला वेळ लागला.

"आई, घराले कुलूप हाय."

"कोठं गेले?"

"बाजूची मनकर्णाबाई म्हणते, झुंजुरकाच, दिवस निघायच्या आधी, ऑटो आला होता. वैभवभाऊजींनी म्हातारीले हाताले धरून बसवलं. तिचं म्हणणं, दवाखान्यात गेले असतीन. अन् तिचा मालक म्हणते, नाही, तान्ह्या पोळ्याले भाऊजीच्या बहिणीकडे जाणार होते, रात्रीच बोलले."

"बैल?"

"बैल हायेत खुट्यावर. चांगले हायेत."

"अन् पोळपाट?"

फोनमध्ये कुठं तरी ढोल वाजत होता.

"अंगणात हाय. धुऊन भिंतीले टेकवला हाय, वाळाले. लाटणं बी हाय बाजूले."

"कोणती बाजू लाल हाय? लाटायची का खालची?"

"आई, धुतलेला हाय," भारत म्हणाला. "दोनी बाजू सारख्याच दिसून राह्यल्या."

तो पांढरकवड्याच्या दवाखान्याकडे निघाला. रुग्णवाहिका करंजघाटला येऊन कुलूप पाहून परत गेली होती, हेही त्यानं सांगितलं. मॅडमची डबी दुपारच्या बसनं आदिलाबादला गेली. तिथून ती हैदराबादला जाणार, आणि उत्तर कधी येईल ते मॅडमनाही माहीत नव्हतं. भगवंतरावांचा बैल संध्याकाळी उठून उभा राहिला, पण पाण्याला तोंड लावेना.

दिवेलागणीपर्यंत राहीबाई जोत्यावरच होती. सोजरबाईनं दोनदा चल म्हटलं, मग तीही पुन्हा बसून राहिली. पलीकडे एकेका घरात दिवा लागत गेला. टिनाच्या छपराखाली लागला नाही. राहीबाईनं रुपाचा नंबर लावला, शंभरदा लावला होता तसाच. या वेळी फोन बंद नव्हता. पलीकडे घंटी वाजायला लागली. ती फोन कानाला लावून उभी राहिली. घंटी वाजत होती.